टॅबचा दुग्धाभिषेक

चंदन आणि दुधाचा वास एकत्र आला, की मला मी शिकवायचो त्या कुंभकोणमच्या प्राथमिक शाळेतली ती सरस्वतीपूजा आठवते. गाण्याच्या टीचरचं घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज जाणार हे पक्कं होतं, म्हणून त्यांनी सगळे धडे एका टॅबमध्ये गाऊन ठेवले होते: त्यांची एक ओळ, मग मुलींना म्हणायला तेवढीच मोकळी जागा. पूजेत पुस्तकं, वीणा आणि तो टॅब मांडलेला. मी प्रसादाच्या सुंडलची, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीची, चव बघून परततो तर काय, दुसरीच्या मुलींनी टॅबला ताटात बसवून दुधाने न्हाऊ घातलेलं, वर चंदनाचा टिळा! "अय्यो, हे काय केलंत?" "टीचरचा आवाज बरा व्हावा म्हणून, सार," त्यांची पुढारीण ठसक्यात म्हणाली. "पंचामृतच करणार होतो, मध मिळाला नाही." मी पोट धरून हसलो. टॅब पुन्हा कधीच सुरू झाला नाही. पुढे टीचर गळ्याला पट्टी बांधून वर्गात आल्या, मांडीवर ताल धरला, आणि मुली नेहमीसारख्या त्यांच्या पहिल्या ओळीची वाट बघत बसल्या. हा किस्सा मी अजूनही नकला करून सांगतो, पण 'मध मिळाला नाही' इथेच थांबतो.