गतिरोधकाला गुलाल

आमच्या गावची एसटी बंद झाली ती संपामुळं नाही, पुरामुळंही नाही. कोंबडीमुळं. आष्ट्याहून आत वळलं की गावाच्या पोटातून एकच सरळसोट रस्ता जातो आणि दोन्ही बाजूंना घरं. पूर्वी त्यावर एकच गतिरोधक होता, शाळेपुढं, आणि त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग एक दिवस आमच्या दारात एक कोंबडी मोटारसायकलखाली आली. कोंबडी शेजाऱ्यांची, पण मेली आमच्या दारात. त्या वेळी माझे सासरे पंचायतीचे सदस्य होते. गल्लीत कुणाच्या तरी घराचा स्लॅब ओतून झाला होता. उरलेला माल मामंजींनी घमेल्या-घमेल्यानं आणवला, दारापुढं आडवा घातला आणि वरून फळी फिरवली. गावातला दुसरा ब्रेकर असा जन्माला आला.

आता ब्रेकर ओलांडला की गाडीवाल्याला राग येतो आणि तो पुढं गाडी पळवतो. म्हणजे आमच्या दारात जो वेग कमी झाला तो पुढच्या चार घरांत वाढला. तिथली बाई भांडायला आली, "तुमच्या कोंबडीला ब्रेकर, आन् आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?" आठवड्याच्या आत तिच्याही दारात ब्रेकर झाला. तेव्हापासून गावात कुठंही स्लॅब टाकला की उरलेला माल रस्त्यावर. ज्याचं घर मोठं त्याचा ब्रेकर उंच. एका पत्र्याच्या खोलीपुढचा ब्रेकर तर तिच्या उंबऱ्यापेक्षा वर गेला, नाकापेक्षा मोती जड. पण लोक खूश होते. उसाची ट्रॉली प्रत्येक ब्रेकरला धक्का खायची आणि दोन-चार कांड्या टाकून पुढं जायची. त्या कांड्यांसाठी ब्रेकरमागं म्हैस बांधणारेही निघाले.

शेवटी एसटीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. गाडी आमच्याच दारात कण्हत उभी राहिली. मामंजींनी ड्रायव्हर-कंडक्टरला चहा पाजला, पण चहानं पाटा जोडला जात नाही. त्या आठवड्यापासून गाडी फाट्यावरूनच परत जाऊ लागली.

इथं हे प्रकरण माझ्या घरात शिरलं. माझी लेक सांगलीला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. फाट्यापासून गावापर्यंत दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, आणि थंडीच्या दिवसांत ती परत यायची तोवर अंधार. तिचे वडील सैन्यात, मला सायकलसुद्धा येत नाही, आणि माणसं कोंबून नेणारी वडापची जीप फाट्याच्या आत यायला तयार नाही, कारण पाटे तिलाही होतेच. मामंजींनी निकाल देऊन टाकला, "माजी नात उसातनं चालत यायची न्हाई. गाडी न्हाई तर कालेज न्हाई." त्यांचा जीव होता तिच्यावर, म्हणूनच तर ते बोलणं मोडता येईना. फलटणकडचं एक स्थळ मात्र एवढ्या ब्रेकरांवरून उड्या मारत थेट दारात आलं. मुलाला बागायत होती, कारखान्यात नोकरी होती. लेक आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जसे काही ब्रेकर मीच घातले होते.

पंचायतीत आता मी सदस्य होते. जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून मी उभी राहिले आणि निवडून आले, ही बातमी मामंजींपर्यंत अजून पुरती पोचलेली नव्हती. ते अजूनही "आपन ठराव करू" असंच म्हणत. सरपंच आणि मी आगारात गेलो. तिथले साहेब भले होते. म्हणाले, "एकच ठेवा, बाकीचे काढा. दुसऱ्या दिवशी गाडी सोडतो."

ग्रामसभा भरली. झाडून सगळा गाव आला आणि ब्रेकर काढायला सगळ्या गावाची संमती मिळाली. फक्त प्रत्येकाला आपला तेवढा ठेवायचा होता. एकाची नात रांगत होती. एकाचं कुत्रं ब्रेकरवरच झोपायचं, त्याला दुसरीकडं झोप लागत नव्हती. एक माजी सुभेदार उठून म्हणाले, "समद्यांचं उकरा, पर आमचा ब्रेकर शिस्तीत घातल्याला हाय." आणि माझे मामंजी, घरचेच, पहिल्या रांगेतून म्हणाले, "मान पयला आमचा हाय, त्याला हात लावायचा न्हाई." मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी छताकडं बघितलं. आपलं ठेवावं झाकून, दुसऱ्याचं पाहावं वाकून. सभा चहावर संपली.

मला संताप आला. असा संताप आला की मी भाकऱ्या थापतानाही आवाज करू लागले.

सांगलीला आम्हा सदस्यांचं एक प्रशिक्षण झालं होतं. तिथल्या बाईंनी फळ्यावर गोल काढून बाणांनी जोडले होते. गावातली एक गोष्ट हलवली की कुठली दुसरी हलते आणि ती फिरून पहिलीला कशी ढकलते, ते आधी बघा, म्हणाल्या. माणसांना शिव्या नंतर द्या. मला ते तेव्हाच पटलं होतं, कारण आमच्या माहेरी एका वाकळंत चौघी झोपायचो. एकीनं ओढली की दुसरीचे पाय उघडे, मग ती ओढणार. दोष कुणाचाच नाही आणि थंडी सगळ्यांना.

मी अंगणात रांगोळीनं गोल काढायला बसले. ब्रेकर, वेग, राग, पुन्हा ब्रेकर. मामंजी कट्ट्यावरून बघत होते.

"हे काय गं? नागपंचमी हाय व्हय आज?"

"तुमचा ब्रेकर हाय, मामंजी. मला एवढं सांगा, कोंबडी मरून किती वर्षं झाली. आता तो कशाला पायजे?"

त्यांनी रस्त्याकडं तोंड फिरवलं. तेवढ्यात एक दूधवाला आला, आमच्या दारात हळू झाला, "राम राम, आबा," म्हणाला आणि किटल्या वाजवत गेला. मामंजींनी हात वर केला. मग म्हणाले, "तुजी सासू गेल्यापासनं हितं बसतोय. फुडं समदी भुर्रकन जात्यात. हितं तेवढी हळू हुत्यात."

माझ्या रांगोळीत हा बाणच नव्हता. मी तो काढला, आणि मग चिडून सगळीच पुसली, कारण त्यांचं बरोबर होतं आणि माझ्या लेकीचंही बरोबर होतं.

पुढच्या सभेत मी उठले. म्हटलं, काढायचा कुणाचा यावर आपण जन्मभर भांडू. ठेवायचा कुठला ते ठरवू. आगार एकच ठेवू देतंय. घरटी एक चिमूट गुलाल. सगळ्यांनी मिळून गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि जो ब्रेकर राहावा असं वाटेल त्यावर चिमूट सोडायची. अट एकच, आपल्या दारात टाकायची नाही.

ग्रामसेवक म्हणाले, कायद्यात गुलालाचा उल्लेख नाही. सरपंच म्हणाल्या, तो आमच्यात असतो. तरण्या पोरांना गुलाल म्हटल्यावर विचारायची सोय नव्हती, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या मनात काय होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला ठाऊक होतं की त्या संध्याकाळी गावात साटंलोटं होणार. झालंच. मामंजी फोन घेऊन गोठ्यात गेले आणि तिथून त्यांचा कुजबुजता आवाज मला चुलीपर्यंत ऐकू येत होता. "तुमी माज्यावर टाका, मी तुमच्यावर टाकतो. व्हय व्हय, शब्द हाय." फोन ठेवला की दुसऱ्याला तोच शब्द. घरोघरी हेच चालू होतं. सुभेदारांनी तर घरी येऊन चहा घेत शब्द दिला आणि मामंजींचाही घेऊन गेले. मी पदर तोंडाला लावून हसले.

सकाळी गाव निघाला. प्रत्येकाच्या मुठीत एक चिमूट आणि पोटात दहा जणांना दिलेले शब्द. पहिल्या ब्रेकरशी सगळे थबकले. घरमालक आशेनं एकेकाच्या तोंडाकडं बघू लागला. पण इथं चिमूट सोडावी तर बाकीचे नऊ मागंच उभे, बघत. जो तो दुसऱ्याला म्हणे, "तुमी व्हा फुडं." कुणीच पुढं होईना. सुभेदारांनी शिंक आल्यासारखं केलं. असं करत करत सगळा गाव गच्च मुठी घेऊन चालत राहिला, घामानं गुलाल तळव्याला चिकटला, आणि शेवटी शाळेपुढं आल्यावर लोकांना एवढं हायसं वाटलं की त्यांनी अक्षरशः मुठी झटकल्या. शाळेला कुणी शब्द दिला नव्हता. तिथं टाकला तर कुणी रागावणार नव्हतं. बघता बघता तो ब्रेकर लालेलाल झाला.

मी हसत मामंजींना शोधायला वळले. ते शाळेपर्यंत आलेच नव्हते. आमच्या दारात उभे होते, त्यांच्या ब्रेकरपाशी. त्यावर गुलालाचा एक कणही नव्हता. रोज राम राम घालणारे सगळे त्यावरून पायी गेले होते. त्यांची मूठ अजून बंदच होती. माझं हसू जागीच गेलं. खोड काढायची ती काढली होती मी, पण ती अशी लागेल असं वाटलं नव्हतं.

"चला मामंजी, शाळंकडं."

त्यांनी मूठ उघडली, गुलाल धोतराला पुसला. म्हणाले, "माजा नंबर आधी लावा. पयला आमीच घातला हुता." मग आवाज चढवून पोरांना, "आरं पहार आना रं! बघत काय बसलाय?"

पहिला घाव त्यांनीच घातला. दुपारपर्यंत शाळेपुढचा सोडून गावातले सगळे निघाले. फलटणला मी स्वतः फोन करून सांगितलं, मुलगी शिकतेय. आगारातल्या साहेबांनी शब्द पाळला.

गाडी आली त्या सकाळी मामंजींनी धुतलेली टोपी घातली आणि कट्ट्यावर बसले. लेक स्टँडवर बसणार आणि मग गाडी आमच्या दारावरून जाणार. तिला खिडकी लागते ती पलीकडची, उन्हाची नाही ती. पूर्वी दारात गाडी हळू झाली की तेवढ्यात ती उठून अलीकडं यायची आणि "आज्जा" म्हणून ओरडायची. गाडी आली. गुळगुळीत रस्त्यावर तिला कुणाची भीती नव्हती. मामंजींचा हात अर्धा वर गेला तोवर ती गेली होती, मागं नुसता धुरळा.

"दिसली का गं?" त्यांनी विचारलं.

"दिसली की. हात केला तिनं तुमास्नी."

"व्हय," मामंजी म्हणाले, "मलाबी दिसला."