चोप्रासाहेबांच्या दहा काड्या

लिनन रूममध्ये नोकरी केली की किस्से मागायला कुठे जावं लागत नाही, चादरींबरोबर आपोआप येतात. कुठली चादर कशाने मळली ते सांगायला रूम झाडणारा रूमवाला दारात उभा राहतो, आणि मग एकातून दुसरा निघतच जातो. एकवीस वर्षं मी अंधेरीच्या त्या बड्या हॉटेलात चादरी मोजल्या. पण खरं सांगू? पाहुण्यांचे किस्से सगळे एका छापाचे. खरे किस्से झाले ते आमच्याच लोकांचे, एका मुक्कामात, आणि तेव्हा हॉटेल उघडलंसुद्धा नव्हतं!

झालं असं. उद्घाटनाला आठवडा राहिला होता. आमचे जनरल मॅनेजर चोप्रासाहेब दिल्लीहून आलेले. भर मे महिन्यात कोट घालून फिरायचे आणि घाम आला की दुसऱ्याकडे रागाने बघायचे. त्यांनी नोटीस लावली: निम्म्या स्टाफने एक रात्र गेस्ट म्हणून राहायचं, निम्म्याने ड्यूटी करायची, पण फॅमिली मात्र सगळ्यांची राहणार. राहणाऱ्यांनी सकाळी फॉर्मवर तक्रार लिहून द्यायची, म्हणजे खरे गेस्ट यायच्या आत चुका कळतील.

मी घरी कांदिवलीला येऊन सांगितलं, तर आमचे मिस्टर म्हणाले, "फुकट राहायचं आणि वर तक्रारही करायची? अगं, सासुरवाडीला पण माझी एवढी सोय नव्हती!"

*

दारावर सकपाळ. लाल कोट, सोनेरी बटणं, डोक्यावर तुरा. येणाऱ्या प्रत्येकाला वाकून सलाम ठोकायचा आणि गाडीचं दार उघडायचं ही त्याची ड्यूटी. आता आमच्यातलं कोण गाडीतून येणार? सगळे बसस्टॉपवरून चालत, हातात पिशव्या, कुणी काखेत स्वतःची उशी घेऊन, एकजण तर चक्क वळकटी घेऊन आलेला. सकपाळ बिचारा उघडायला गाडी नाही म्हणून पिशव्या धरत होता.

तेवढ्यात त्याची बायको आली, सोबत तिचे वडील. मागे चोप्रासाहेब उभे. सकपाळने काय करावं? कमरेत वाकून कडक सलाम, "वेलकम सर!"

सासऱ्याने त्याला तुऱ्यापासून बुटापर्यंत बघून घेतलं. मग मुलीला म्हणाला, "लग्नात पाया पड म्हटलं तर ह्याची कंबर धरली होती. आता बरी वाकते!"

*

आता मोहन पालवचं सांगते, कारण त्या दिवशी खरी वाट त्याची लागायची होती.

भांडुपचा पोरगा. तिसऱ्या मजल्यावर रूमवाला. याच्या आधी तीन हॉटेलांत टेंपररी होता, आणि तिन्ही ठिकाणी पक्का करायची वेळ आली की हातात नारळ! घरी विधवा आई. इथेही सहा महिन्यांचं प्रोबेशन त्याच आठवड्यात संपत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता लॉबीत मालक शेठजी येणार, त्यांच्यासमोर पक्क्याची पत्रं वाटणार. पत्र मिळालं तर मिळालं, नाहीतर परत भांडुप.

आणि पत्र कुणाला द्यायचं, ते ठरवायची चोप्रासाहेबांची पद्धत काय, तर काड्या! दुपारी तीन वाजता ते स्वतः एकटे फिरायचे आणि प्रत्येक रूममध्ये दहा जळक्या काड्या लपवून यायचे. पडद्यामागे, गादीखाली, कुठेही. रूमवाल्याने साफसफाई करून दहाच्या दहा काड्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या. नऊ भरल्या तर घरी! कॉलेज शिकलेला माणूस भर दुपारी काडेपेटी घेऊन चोरासारखा फिरतोय, आणि मजल्यावर सगळ्यांनी आपण काही बघितलंच नाही असं करायचं.

त्या दिवशी साडेपाचला पालव माझ्या काउंटरवर. तोंड उतरलेलं.

"राणेताई, तीनशेआठमध्ये सहाच मिळाल्या."

"नीट बघितलंस?"

"गादी उलटी केली ओ! सहाला साहेब मोजणार. आणि नेमकी तीच रूम माझ्या आईला दिलीय."

मला भयंकर राग आला. पोरगा सहा महिने संडास घासतोय, त्याची नोकरी चार काड्यांवर? माझ्याकडे उदबत्तीसाठी काडेपेटी होती. चार ओढल्या, फुंकल्या, त्याच्या हातावर ठेवल्या.

"घे. झाल्या दहा. आता तोंड सरळ कर."

सहा वाजता साहेबांनी मोजल्या. दहा! "व्हेरी गुड, पालव," म्हणाले. मी आपली टॉवेलच्या घड्या घालत होते. त्या संपल्या की मग मीही गेस्ट.

*

सात वाजेपर्यंत तिसऱ्या मजल्याची चाळ झाली! दारं सताड उघडी, चपला बाहेर, बायका उंबऱ्यात बसून गप्पा मारतायत. कुणाकडे लोणचं आहे, कुणी चिवडा वाटतंय. ज्यांच्या घरी फोन नव्हता (म्हणजे सगळेच), ते समोरासमोरच्या रूममधून एकमेकांना फोन करत होते. "हॅलो, जेवलात का?" दिसतंय समोर जेवलेला, तरी विचारायचं.

चोप्रासाहेब लिफ्टमधून बाहेर आले आणि जागच्या जागी थांबले. "ये क्या है? दरवाजे बंद करो सब!"

माझी सासू दारातच बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "दिवसाउजेडी दार कशाला लावायचं? कुणाला तोंड दाखवायची चोरी आहे का आमची?"

साहेबांना मराठी कळत नव्हतं. "क्या बोल रही हैं?" त्यांनी मला विचारलं.

"आपकी तारीफ कर रही हैं," मी म्हटलं.

*

रूमवरून एकदा तरी जेवण मागवायचं, असा नियम होता. किचन स्टोअरचा भोईर मनोरीचा कोळी. त्याच्या बायकोने, पारूने, मेनूकार्डावर एकच ओळखीचा शब्द बघितला, पापलेट, आणि तेच मागवलं. आलं. वर पांढरं पातळ कालवण, बाजूला लिंबाची फोड, पाल्याची एक काडी. तिने बोटाने ते पांढरं बाजूला केलं, डोळा बघितला, कल्ला बघितला आणि थेट किचनला फोन लावला.

"ओ शेफ, ह्ये पापलेट किती दिसांचं हाय?"

"मॅडम, आज सकाळचं. एकदम फ्रेश."

"मना सांगता? जलम मासळीत गेला माझा. चार दिस बर्फात झोपलाय ह्यो! कुनाकडून घेता तुमी?"

शेफ पण चिडला होता. "मनोरीवरून येतं मॅडम. भोईर म्हणून आहेत एक, आमच्या स्टोअरवाल्याचे भाऊ."

पारूने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझा दीर?" पारू म्हणाली. "मंग चार न्हाय, आठ दिस धरा!"

*

आता आमच्या घरचं सांगते. सासू गाढ झोपली, पण त्याआधी तिने भिंतीवरच्या चित्रातल्या बाईच्या अंगावर टॉवेल टाकला. म्हणाली, एवढ्या गार हवेत उघडी बसलीय मेली.

मिस्टर काही झोपायला तयार नाहीत. पलंगाच्या कडेवर बसून चादर चिमटीत धरून बघत होते. बावीस वर्षं परळच्या गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस. संपात सगळं गेलं, तेव्हापासून कांदिवलीला एका दुकानात कापड फाडायला उभे असत.

"हे आमच्या खात्यातलं कापड आहे," ते म्हणाले. "किनार बघ."

"काहीतरीच. गिरणीला कुलूप लागून किती वर्षं झाली!"

"मग माल गोडाऊनमध्ये होता म्हणायचा. आम्हाला सांगितलं, माल संपला, तुमची देणी द्यायला काही नाही."

जीव तुटला अगदी. मी म्हटलं, "झोपा आता. निदान स्वतःच्या चादरीवर झोपताय."

सकाळी फॉर्मवर तक्रारीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'चादर उत्तम. मालक बदलून द्यावा.'

तो फॉर्म मी पुढे दिलाच नाही. अजून आहे माझ्याकडे.

*

सकाळी खरी परीक्षा. आमच्या हाउसकीपर डिमेलो मॅडम हातात स्टॉपवॉच घेऊन तिसऱ्या मजल्यावर. गेस्ट गेले की घाणेरडी रूम किती मिनिटांत तयार होते, ते मोजायचं होतं. रूमवाले ट्रॉल्या घेऊन रांगेत उभे.

पहिलं दार उघडलं. पलंग नीट लावलेला, पांघरुणाच्या घड्या उशाशी. बाथरूम घासून कोरडं केलेलं. ग्लास धुऊन पालथे. दुसरी रूम तशीच, तिसरी तशीच! भोईरच्या पारूने तर खिडकीच्या काचासुद्धा पुसल्या होत्या. अकरा रूम बघून मॅडम कॉरिडॉरमध्ये खुर्ची घेऊन बसल्या.

"अरे, किसने बोला था साफ करने को? मैं टाइम किसका लूँ?"

सकपाळची बायको कमरेला पदर खोचून उभी होती. ती म्हणाली, "लोकाच्या घरी राह्यचं आणि घाण टाकून जायचं? आम्हाला काही वळण आहे की नाही, मॅडम?"

चोप्रासाहेब आले, एका रूममध्ये डोकावले, दरवाजाच्या वरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. बोटाला काही नाही! सहा महिने ते बोट फिरवत होते आणि दर वेळी धूळ लागत होती. चेहरा असा पडला त्यांचा, की मला आतून गुदगुल्या झाल्या.

तिसऱ्या मजल्यावर फक्त एका माणसाला हसू येत नव्हतं. पालव तीनशेआठच्या दारात उभा राहून आत बघत होता.

"आईनेही साफ केली का रे?" मी विचारलं.

"पहाटेपासून करतेय," तो म्हणाला. "ताई, तिला काही मिळालं असेल का ओ?"

"विचार ना तिला!"

"ती खाली गेलीय. लॉबीत."

आम्ही दोघं जिन्याने धावत सुटलो.

*

लॉबीत सगळे जमले होते. शेठजी पांढऱ्या सफारीत सोफ्यावर, डिमेलो मॅडम पक्क्याच्या पत्रांचा गठ्ठा घेऊन, आणि चोप्रासाहेब काउंटरपाशी भाषण करत. सफाई, सफाई आणि सफाई. मग शेठजींना दाखवायला म्हणून त्यांनी समोरच्या रांगेतली सगळ्यात गरीब दिसणारी म्हातारी निवडली.

"माताजी, आप बताइए. रात कैसी रही? कोई शिकायत?"

पालवची आई पुढे झाली. पालव माझ्या बाजूला उभा राहून नुसता मान हलवत होता, नको, नको. आई कसली बघतेय!

"आसा तर!" ती मालवणीत म्हणाली. "सायबानू, खोली झकास. पण कोणीतरी वायट खोड केल्यान हा."

डिमेलो मॅडमनी हिंदीत सांगितलं. चोप्रासाहेब एकदम फुलले. शेठजींसमोर कडकपणा दाखवायची हीच वेळ! छाती पुढे काढून म्हणाले, "माताजी, डरिए मत. जिसने भी किया होगा, आज ही, अभी, नौकरी से निकाल दूँगा! सेठजी के सामने वचन देता हूँ!"

म्हातारीने पदराची गाठ सोडली आणि संगमरवरी काउंटरवर चार जळक्या काड्या मांडल्या.

"ह्यो बघा. दोन गालिच्याखाली, एक पडद्याच्या घडयेत, एक दिव्याच्या टोपयेत. येवढ्या सोन्यासारख्या खोलयेत कोणा मेल्यान काडयो टाकल्यान? माझो झील मोहन हय रोज मान मोडून काम करता!"

शेठजी सोफ्यावरून उठले. "चोप्रा, ये क्या है? उद्घाटन से पहले होटल में कोई बीड़ी पी रहा है?"

चोप्रासाहेबांनी काड्या बघितल्या. मग पालवकडे बघितलं. काल दहा मोजून घेतल्या होत्या, आज आणखी चार. त्यांना सगळं कळलं, हे मला त्यांच्या ताठ झालेल्या मानेवरून कळलं. मी मिस्टरांचा हात घट्ट धरला.

"सर, ये लड़का..." साहेबांनी तोंड उघडलं.

"लड़का क्या? किसने डाली ये, इतना बताओ. अभी वचन दिया ना तुमने?"

लॉबीतले सगळे रूमवाले, वेटर, सकपाळ, भोईर, सगळेच्या सगळे साहेबांकडे बघत होते. साहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं. मग चारही काड्या एकेक करून उचलल्या, कोटाच्या खिशात टाकल्या, काउंटरवर काजळी उरली होती ती स्वतःच्या रुमालाने पुसली. डिमेलो मॅडमच्या हातातून गठ्ठा घेतला, आणि वरचंच पत्र वाचल्यासारखं मोठ्याने म्हणाले,

"पालव. मोहन पालव. पर्मनंट."

पालव पुढे गेला. पत्र घेतलं आणि आईच्या पाया पडायला वाकला, तर तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि साहेबांकडे बोट दाखवून म्हणाली,

"बघ! येवढो मोठो सायब, पण पडलेली काडी स्वताच्या हातान उचलता. शिक मेल्या कायतरी!"