सुनेच्या दोराचं दुसरं टोक

माझी सून डोंगर चढते, हे लग्न ठरतानाच आम्हाला सांगितलं होतं. माझ्यासारख्या मूळच्या पुण्याच्या माणसाच्या डोक्यात डोंगर चढणं म्हणजे पायवाट आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरी. ती दोर बांधून सरळ उभ्या कातळावर बोटांच्या आधाराने चढते, हे मला खऱ्या अर्थाने कळलं ते मुलगा कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेल्यावर. सून इथेच, बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या घरी राहिली, आणि दर शनिवारी पहाटे तिची ती फुगलेली पिशवी खांद्यावर चढली की मी फाटकापर्यंत तिच्या मागे जायला लागलो.

एका संध्याकाळी ती फार गप्प होती. जेवतानाही बोलेना. विचारल्यावर म्हणाली, "माझी मैत्रीण हैदराबादला राहायला गेली, बाबा. ती माझा दोर धरायची."

"मग बाकीचे आहेत ना इतके?"

"आहेत. पण दोर कुणाच्याही हातात नाही देत मी."

मी आयुष्यभर एका सरकारी कारखान्यात विमानांचे सुटे भाग तपासले. निवृत्त झाल्यापासून तपासायला घरात फक्त गॅसची नळी उरली होती. त्यामुळे असेल, मी विचार न करताच बोलून गेलो, "मला येईल का ते शिकता?"

बायको आतून म्हणाली, "अहो, स्वतःच्या गुडघ्यांना विचारलंत का?"

सून हसली. त्या दिवसातलं ते तिचं पहिलं हसणं. "गुडघे नकोत आई. लक्ष पाहिजे."

घराजवळच्या एका गोडाऊनमध्ये चढण्यासाठी उंच कृत्रिम भिंत केली आहे. तिथे शिकवणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची आणि आवाजाने हेडमास्तरीण. पहिल्या दिवशी तिने एकच गोष्ट घोटून घेतली. दोर चढणाऱ्याच्या कमरेपासून वरच्या कडीतून फिरून खाली येतो आणि माझ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या एका छोट्या उपकरणातून जातो. त्यातून बाहेर येणारं टोक माझ्या उजव्या हातात. चढणारा वर सरकला की सैल झालेला दोर ओढून घ्यायचा. चढणारा निसटला की उजवा हात खाली दाबायचा, दोर तिथेच आवळतो. याला बिले देणं म्हणतात. "अंकल, डास चावू दे, फोन वाजू दे, उजवा हात दोरावरून सुटता कामा नये," ती हिंदीत म्हणाली.

गाठींच्या सरावासाठी मी चिकपेटच्या बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातून दोरीचा तुकडा आणला. सून म्हणाली, "ही फक्त खुर्चीला बांधायला हं बाबा, माणसाला नाही." मग मी रोज बातम्या बघता बघता खुर्चीच्या हाताला आठाच्या आकड्याची गाठ मारत बसायचो. आधी एक आठ. मग टोक कमरेच्या पट्ट्याऐवजी खुर्चीच्या हाताखालून ओवून त्याच वाटेने उलट फिरवून आणायचं, म्हणजे आठाला आठ बिलगतो. बायको म्हणाली, "खुर्चीने काय गुन्हा केलाय?"

भिंतीवर तिला पहिल्यांदा बिले दिला तेव्हा ती अर्ध्यावर थांबली आणि खाली वाकून ओरडली, "बाबा, तुम्ही मला ओढताय! स्वल्प ढील द्या!"

तिच्या माहेरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूची, त्यामुळे तिच्या मराठीत असं कन्नड सहज मिसळतं. मी थोडासा दोर सोडला.

"अजून! मला पाय हलवता येत नाहीये!"

खाली आल्यावर ती चिडली नव्हती. तिने शांतपणे सांगितलं, "तुम्हाला भीती वाटते म्हणून तुम्ही दोर ताणून धरता. पण मग मी चढत नाही, तुम्ही मला चढवता." मला ते लागलं, पण खरं होतं. त्यानंतर मी तिच्या पायांकडे बघायला शिकलो. पाय उचलायच्या आधी तिची टाच किंचित हलते. ती हलली की दोर घ्यायचा, तोवर हात नुसता तयार ठेवायचा.

दोनेक महिन्यांनी हेडमास्तरीण म्हणाली, "आता खऱ्या दगडावर." आम्ही पहाटे रामनगरच्या कातळांकडे निघालो. वाटेत बिडदीला ताटलीएवढी तट्टे इडली खाल्ली. कातळापाशी तिच्या ग्रुपमधली पाच-सहा मंडळी आधीच आली होती. अनुभवी लोकांनी वरून जाऊन दोर बांधला. मी सुनेपेक्षा वजनाने बराच हलका, म्हणून मलाही मागच्या एका झाडाला बांधून घातलं, ती निसटली तर मी उचलला जाऊ नये म्हणून. खुंटीला बांधलेल्या बैलासारखा मी उभा राहिलो.

सून गाठ मारत होती. तेवढ्यात कुणीतरी बोटांना लावायची चिकटपट्टी मागितली, तिने पिशवीतून काढून दिली, दोन शब्द बोलली, हेल्मेट चढवलं आणि कातळाला हात लावला. "चढते, बाबा."

"थांब. तपासू दे."

"झालंय सगळं. माणसं खोळंबलीत."

मागे खरंच माणसं वाट बघत होती. क्षणभर मलाही संकोच वाटला. मी काल आलेला, ती सात-आठ वर्षं चढणारी. पण न बघता सही करायची सवय हाताला कधी नव्हतीच. मी पुढे होऊन तिचा लांब टीशर्ट वर केला. बकल ठीक. गाठीत मात्र दोर पट्ट्यातून ओवलेला, आठाच्या पहिल्या वळणात घातलेला, आणि तिथेच सोडलेला. लांबून बघितलं तर गाठच वाटावी. तिचा भार पडला असता तर टोक सरकन निघून गेलं असतं.

मी तिथे फक्त बोट ठेवलं. तिने खाली बघितलं. तिच्या ओठांवरचा रंग उडाला. तिने सगळी गाठ सोडली, पुन्हा पहिल्यापासून मारली, मग माझं उपकरण, माझ्या पट्ट्यावरच्या कडीचं लॉक तपासलं. मी तिची गाठ बोटांनी चाचपून पाहिली. "आज नको असेल तर राहू दे," मी म्हटलं.

"नाही. चढते."

कातळाच्या वरच्या भागात, जिथे पकडायला काहीच नसतं आणि नुसत्या तळव्यांच्या घर्षणावर उभं राहायचं असतं, तिथे तिचा पाय निसटला. मी टाचांवरून पंजांवर उचलला गेलो, मागचा दोर ताणला, उजवा हात आपोआप खाली गेला. ती दोन हात खाली येऊन थांबली. दोराला लटकून नुसती झुलत राहिली.

"आहे मी," मी ओरडलो.

"माहितीये," वरून आवाज आला. जरा वेळाने ती परत कातळाला चिकटली आणि चढून माथ्यावर गेली.

खाली आल्यावर तिने सगळ्यांना जवळ बोलावलं आणि स्वतःची अर्धवट गाठ कशी राहिली ते जसंच्या तसं सांगितलं. कुणी हसलं नाही. एक दाढीवाला, ग्रुपमधला सगळ्यात जुना, म्हणाला, "माझंही एकदा असंच झालं होतं, कधी बोललो नाही." मग आणखी एकीने तिची गोष्ट सांगितली. तेव्हापासून त्या ग्रुपमध्ये कुणी गाठ मारत असेल तर त्याच्याशी कुणी बोलत नाही, चहाचंसुद्धा विचारत नाही.

घरी जाताना गाडीत तिने रडून घेतलं. मी एफएम लावला नाही. बायकोला सगळं तिनेच सांगितलं, आणि बायकोने त्या रात्री तिच्या डोक्याला तेल लावून दिलं.

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा स्वतः चढलो. सोपा, उतरता कातळ, शाळकरी मुलं धावत जातील असा. दोर सुनेच्या हातात. दोन पुरुष उंचीवर पोचलो आणि गुडघे बोलायला लागले. खालून तिने विचारलं, "बाबा, खाली घेऊ?"

मी कातळावर गाल टेकवून श्वास घेतला. सकाळच्या उन्हाने दगड कोमट झाला होता. वर अजून बराच कातळ होता.

"नको," मी म्हटलं, "जरा थांब. डावा पाय कुठे ठेवू ते सांग."