बुजलेला सांडवा

जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. त्या गावात एका शेतकऱ्याबद्दल अजून सांगतात, की त्याने सरकारचा बांध फोडला आणि खालच्या अंगाची चुलतभावाची कपाशी वाहून गेली. त्या माणसाने बांध फोडला नव्हता. तो फुटला माझ्यामुळे, आणि त्याने फोडला असं कागदावर लिहिलं तेही मीच. माझी ऐंशी उलटली आहे. माझ्या बरोबरीचं त्या कामातलं कोणी राहिलेलं नाही. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी बंडिंगच्या कामावर नवाच लागलो होतो. उताराच्या शेतांना आडवे मातीचे बांध घालायचे, म्हणजे पावसाचं पाणी धावत सुटत नाही आणि माती जागेवर राहते. नोकरी कच्ची होती, सहा सहा महिन्यांच्या हुकुमावर चालायची. नांदुऱ्याला आमचं घर, जळगावात भाड्याची खोली आणि फिरायला सायकल. गावोगावचे लोक मला ‘बंडिंगवाले साहेब’ म्हणत.

त्या गावाने बांधांचं काम सगळ्यांनी मिळून केलं होतं. घरटी एक माणूस, अख्खा उन्हाळा. अडून बसला होता एकच शेतकरी. त्याचं शेत वरच्या अंगाला, त्याच्या खाली चुलतभावाचं, आणि बांध यायचा तो दोघांच्या मधे. मी त्याला काका म्हणत असे. उंच, सावकाश बोलणारा, दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घेणारा माणूस.

“हा बांध माह्या शेताचं तळं करन, साहेब,” तो म्हणायचा. “खालच्याचं भलं होईन, माही ज्वारी पिवळी पडन.”

त्याचं चूक नव्हतं. भारी जमिनीत पाणी थांबलं की पीक बसतं. मी त्याला सांडव्याचं समजावलं. बांधाच्या टोकाला दगड लावलेली एक खाच ठेवायची. पाणी फार चढलं की ते खाचेतून निघून खालच्या नालीला लागतं, बांधावर जोर येत नाही.

“अन् सांडवा कोणं बुजवला त?”

“कोण बुजवणार? मी आहे ना.”

चौथ्या खेपेला त्याने सही केली. कागदात एक अट होती: खात्याला विचारल्याशिवाय बांधाला किंवा सांडव्याला कोणी फावडं लावायचं नाही. ती मीच सगळ्यांपुढे दोनदा वाचून दाखवली, कारण शेजारच्या गावांत लोकांनी पाणी साचताच बांध कापले होते. काका म्हणाला, “सही केली म्हंजे केली. आता कायले सांगून राह्यले घडी घडी?”

त्या पावसाळ्यात बांध चांगले टिकले, आणि गावाचं नाव वर गेलं. श्रावणात हुकूम आला की दुसऱ्या जिल्ह्यांतले शेतकरी आणि अधिकारी काम पाहायला येणार, दोन जीप भरून. माझ्या साहेबांनी एवढंच विचारलं, “जीप शेवटपर्यंत जाते ना? पाहुण्यांना चिखल तुडवायला लावू नका.” मी जाते म्हणालो. जात नव्हती. गाडीवाट नेमकी काकाच्या बांधाच्या टोकावरून होती, आणि तिथे सांडव्याची खाच आडवी येत होती. आदल्या दिवशी मी खात्याचे दोन मजूर नेले आणि दगड-मुरूम टाकून सांडवा बांधाच्या उंचीपर्यंत बुजवून घेतला. तसा हुकूम मला कोणी दिला नव्हता. आठ दिवसांची उघाड होती, आभाळ निळं होतं.

जीप आल्या. दोन्ही आरामात त्यावरून गेल्या. पाहुण्यांनी हिरवी कपाशी पाहिली, पावलांनी बांधाची रुंदी मोजली. एका जाड्या बागायतदाराने काकाला विचारलं, “काय पाटील, बांधानं फायदा आहे का?”

“हाये,” काका म्हणाला. “जोवर पाणी जायले वाट हाये तोवर हाये.” आणि माझ्याकडे पाहिलं.

पाहुणे हसले. सरपंच म्हणाला, “आमचा हा माणूस असाच हाये जी, टोमणा मारल्याशिवाय बोलतच नाई.” साहेबांनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यानेच मी तरंगलो. सांडवा दुसऱ्या दिवशी मोकळा करायचा होता. दुसऱ्या दिवशी मजूर दुसऱ्या कामावर गेले. तिसऱ्या दिवशी जळगावचा बाजार होता.

बाजारात, बैलांच्या घुंगरमाळा विकणाऱ्याच्या दुकानासमोर काका मला भेटला. पोळा जवळ आला होता. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं.

“साहेब, सांडवा बुजेलच हाये. मी मोकळा करू का? घंटाभराचं काम हाये.”

मी हो म्हणायला हवं होतं. पण ज्या बांधावर साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तिथेच शेतकरी परस्पर फावडं चालवतो, हे मला त्या क्षणी आवडलं नाही. कोणी विचारलं तर काय सांगायचं, असं वाटलं. मी म्हणालो, “तुम्ही हात लावू नका. अट माहीत आहे ना? मी उद्या माणसं पाठवतो.”

“उद्या नक्की?”

“नक्की.”

त्याच संध्याकाळच्या गाडीने, मजुरांना काही न सांगताच, मी दोन दिवसांसाठी नांदुऱ्याला घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या गच्चीवरून उत्तरेकडे पाहिलं तर सातपुडा दिसत नव्हता. जिथे डोंगर असायचा तिथे नुसतं काळं होतं. नांदुऱ्यात थेंबही नव्हता. आईने जेवायला हाक मारली तरी मी वरच. मग पिशवी उचलून एसटी धरली. पूर्णेच्या अलीकडे गाडी थांबली. नदी तांबडी होऊन पुलाला लागली होती. गाडीतले लोक पाण्याला खूश होते, पीक तरलं म्हणत होते. मी खिडकीशी बसून डोंगरातून उतरणारं पाणी कुठवर आलं असेल याचा हिशेब करत होतो. रात्र तिथेच गेली. पहाटे पाणी उतरलं, गाडीने पूल ओलांडला. जळगावातून मी सायकल दामटली.

बांध मधोमध फुटला होता. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढं भगदाड. गावातली माणसं भगदाडाच्या खाली, चुलतभावाच्या शेतात गोळा झाली होती. तिथे कपाशी नव्हतीच, नुसते दगड उघडे पडले होते. मला अजून कोणी पाहिलं नव्हतं. मी सायकल आडवी टाकून लांबच्या टोकाला सांडव्याकडे गेलो. बोरीच्या झुडपांमुळे तो कोपरा शेतातून दिसत नसे. सांडवा जसाच्या तसा बुजलेला होता. मजुरांनी टाकलेलं फावडं बोरीखाली पडलं होतं.

मी ते उचललं आणि सांडवा मोकळा केला. हाताची साल निघेपर्यंत उपसलं. मुरूम वाटेवर पसरला, दगड झुडपात टाकले, हात डबक्यात धुतले, आणि सायकल घेऊन दुसऱ्या बाजूने, आत्ताच आल्यासारखा लोकांपुढे गेलो.

दुपारी सरपंचाने पंच बसवले, तिथेच बांधावर. चुलतभाऊ ओरडत नव्हता. त्याचं शांत बोलणं ऐकवत नव्हतं. “दादाले पह्यल्यापासून हा बांध नको होता,” तो म्हणाला. “त्याच्या ज्वारीत पाणी चढलं, त्यानं बांध कापला. माह्या लेकराबाळाचा इचार नाई केला.”

काका म्हणाला, “म्या कापला नाई. सांडवा बुजेल होता. पाण्याले जागाच नव्हती.”

सगळे सांडव्याकडे गेले. सांडवा मोकळा होता. काकाने सांडव्यावरून नजर फिरवली. मग त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते मागे घेतले.

सरपंचाने विचारलं, “साहेब, जीप गेल्यावर हे कधी उघडलं?”

“त्याच दिवशी संध्याकाळी,” मी म्हणालो.

काका खाली नालीत उतरला. गुडघ्याएवढं गवत होतं तिथे. हाताने दाखवत म्हणाला, “हे पाहा. गवत उभं हाये. एवढ्या पावसाचं पाणी इथून गेलं असतं त निजलं नसतं का? सांगा ना कोणी.”

पंच गवताकडे पाहू लागले. एकाने मान हलवली. त्याला पटत होतं.  सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पाण्याचं शिकलेला तिथे मी एकटा होतो.

“या जातीचं गवत पाणी ओसरलं की परत उभं राहतं,” मी म्हणालो.

अशी कुठली जात मला माहीत नव्हती.

काका नालीतून वर आला. माझ्यासमोर, हातभर अंतरावर उभा राहिला. “बाजारात म्या तुमाले इचारलं होतं. मोकळा करू का म्हणून. तुमी नाई म्हणलं.”

“आपली भेट झाली होती,” मी म्हणालो. “हे बोलणं झालं नाही.”

तो वळून आपल्या शेताकडे चालू लागला.  मी पंचनामा लिहायला घेतला. वरच्या शेताच्या मालकाने पाणी काढून देण्यासाठी बांध कापला असावा, असं लिहिलं. ‘असावा’ लिहिलं म्हणजे आपण थोडे सुटलो, असं तेव्हा मला वाटलं.

चार दिवसांनी पोळा. गावाने मला पाहुणा म्हणून बोलावलं आणि न जाणं संशयाचं दिसेल म्हणून मी गेलो. तोरणाखाली जोड्या लागत होत्या. काका आपली पांढरी जोडी घेऊन आला. शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. दोन माणसं पुढे झाली आणि त्यांनी कासरा धरला. सरपंच म्हणाला, “तुही जोडी घरीच पूज यंदा.”

“काऊन?”

“काऊन ते तुले माहीत हाये.”

मी सरपंचाच्या शेजारी खुर्चीवर बसलो होतो. बोललो असतो तर तिथेच सगळं संपलं असतं. काका भांडला नाही. बैलांचं तोंड फिरवत म्हणाला, “चला बे, घरी पुरणपोळी हाये.” ज्या घोळक्यातून तो आला होता तो घोळका त्याला वाट द्यायला बाजूला सरकला, नेहमीपेक्षा जास्तच.

हिवाळ्यात माझी नोकरी पक्की झाली आणि बदली घाटावर, चिखलीकडे. पुढे बढत्या मिळाल्या. कितीतरी गावांत मी पाहुण्यांना बांध दाखवत फिरलो, सांडव्याचं महत्त्व सांगत. दोनदा त्या गावाला जायला निघालो. एकदा जळगावच्या स्टँडवर उतरून त्याच गाडीने परत आलो.

शेवटी गेल्या हिवाळ्यात गेलो. फाट्यावर एका तरुणाला घर विचारलं. तो हसला. “ज्यायनं सरकारचा बांध फोडला त्यायचं घर ना? हिंमतवाला म्हतारा होता म्हंतात.”  गावाने कधीतरी त्याला माफ करून टाकलं होतं, वर त्याचं कौतुकही चालवलं होतं, पण त्याचं ऐकलं मात्र नव्हतं.

काका जाऊन खूप वर्षं झाली होती. घरी त्याची मुलगी होती. नवरा गेल्यावर माहेरीच राहिलेली, तीही आता म्हातारी. मी कोण ते सांगितलं. मग सांडवा, बाजारातलं बोलणं, सकाळचं फावडं, गवत, सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. हात थांबले नाहीत.

“म्हंजे बाबायनं नाई फोडला?”

“नाही.”

“अन् तुमाले इचारलंबी होतं?”

“विचारलं होतं. मीच नको म्हणालो.”

तिने सूप खाली ठेवलं. “अखेरच्या दुखण्यात म्हणत, म्या नाई फोडला बाई. मी म्हणलं, बाबा, आता त खरं सांगा, आता कोण धरून नेते तुमाले. आमी सारे हासलो. माह्या लेकरायले मी तीच गोष्ट सांगतली, आजानं बांध कसा फोडला ते.” मग ती म्हणाली, “मी त्यायच्या तोंडावर हासली.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हातानेच थांबवलं.

“मले सांगून काय होते? मी त घरातलीच. चला.”

समोर, गल्लीच्या पलीकडे चुलतभावाचं घर. मधे चार पावलं. त्या पंचनाम्यानंतर या घरचं लग्नाचं बोलावणं त्या घरी गेलं नव्हतं आणि त्या घरचं इकडे आलं नव्हतं, हे तिने पायऱ्या उतरताना सांगितलं. ती पुढे, मी मागे. ओसरीवर चुलतभावाचा मुलगा बसला होता, सत्तरीच्या घरातला. तिला दारात पाहून तो उठूनच उभा राहिला.

“हे ते बंडिंगवाले साहेब,” ती म्हणाली. “यायचं ऐकून घे.”

सांगत सांगत मी गवताच्या गोष्टीपर्यंत आलो तेव्हा त्याने विचारलं, “म्हंजे आमची कपाशी तुमी नेली?”

“हो.”

“अन् आमी काकाले पोळ्यातून हाकलला.”

मी मान हलवली.  त्याने आतून बाज ओढून आणली, तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, “आक्का, तू बस.” आत हाक मारून त्याने सुनांना, पोरांना, शेजारच्या दोघांना बाहेर बोलावलं.

मला त्याने बसा म्हटलं नाही. सगळे जमल्यावर म्हणाला, “आता पह्यल्यापासून सांगा.”

मी उभ्यानेच पहिल्यापासून सांगायला लागलो.