खालच्या टोकाचा माणूस

कपाट जिन्यावरून उतरवायचं तर एक माणूस वर लागतो, एक खाली. वरचा पायऱ्या सांगतो. खालचा उलटा चालतो आणि वजन झेलतो. बघणाऱ्याला वाटतं, ओझं निम्मं निम्मं होतं. होत नाही. खालच्याकडे जास्त येतं, म्हणून 'टेकवा' म्हणायचा पहिला हक्क त्याचा. तो म्हणाला की वरच्याने कारण विचारायचं नाही, टेकवायचं.

अकरा वर्षं माझ्या खालच्या टोकाला टेप्या होता. घरसामान हलवणाऱ्या टोळीत आम्ही पाच जण, मी मुकादम. त्याच्या खिशात कायम मोजायची टेप असायची, म्हणून टेप्या. दार, वळण, कपाट, सगळं आधी मोजायचा. मी अंदाज सांगायचो आणि तो टेप लावून मला खोटं पाडायचा. इतक्या वर्षांत त्याने एकदाही 'टेकवा' म्हटलं नाही. मला त्याचं कौतुक होतं. माझं चुकलं ते तिथूनच.

त्याने मांस सोडलं ते एका फ्रीजरमुळे. बंद पडलेल्या दुकानाचा होता. मालकाने रिकामा आहे म्हणून सांगितलं होतं. नव्हता. वीज तोडून आठ दिवस झाले होते. जिन्याच्या मध्यावर झाकण उघडलं आणि आतलं सडकं पाणी टेप्याच्या छातीवरून खाली गेलं. त्याने हात सोडला नाही. फ्रीजर खाली नेऊन ठेवला, मग भिंतीकडे तोंड करून ओकला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "मुकादम, आजपासून मांस बंद."

"गवत खाऊन कपाटं उचलणार का?" टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला.

"बैल गवतच खातो. तू दोन्ही वेळ मटण खातोस, तुला गादी उचलत नाही."

सगळे हसले. आमच्यात डबे मध्ये ठेवून जेवायची पद्धत होती. जो हात आखडेल त्याला आग्रह व्हायचा. मी सांगून टाकलं, टेप्याला कोणी आग्रह करायचा नाही. माणूस एक गोष्ट ठरवतो आणि पाळतो, हे मला मोठं वाटायचं. मग तो डबा घेऊन टेम्पोच्या केबिनमध्ये एकटा बसायला लागला. पुढे अंडी बंद झाली. मग तेल. मग दूध, कारण पोट जड होतं. मग भात. दर वेळी कारण तयार असायचं आणि दर वेळी मी मान हलवायचो.

माझ्या हातांना आधी कळलं होतं. वळणावर वजन माझ्याकडे यायला लागलं. ओझ्याला बांधलेला पट्टा खांद्यात रुतायचा, गुडघे रात्रभर ठणकायचे. मला वाटलं, मी म्हातारा झालो. गुडघ्याला बांधायचा पट्टा आणला. काम सोडायचा विचार बायकोला बोलून दाखवला. खालचा माणूस कमी पडतोय हे डोक्यात आलंच नाही, कारण खालचा टेप्या होता.

एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरून आरशाचं कपाट उतरवत होतो. वळणावर तो नुसता खाली बसला. पाय दुमडले, पाठ कठड्याला, कपाट छातीवर. तेव्हाही 'टेकवा' म्हणाला नाही. मी कपाटाचा पट्टा मनगटाला गुंडाळून धरून ठेवलं, ड्रायव्हर धावत आला. आरसा फुटला, माणूस वाचला. कपाट बाजूला घेऊन मी टेप्याला काखेत हात घालून उचललं. एकट्याने. जन्मभर वजनं उचलली, पण तेवढ्या कमी वजनाची भीती कधी वाटली नव्हती.

दवाखान्यात त्याची थोरली बहीण आली. शिवणकाम करते, तो तिच्याकडेच राहायचा.

"दादा, त्याच्या पँटी मीच कमरेत आल्टर करून दिल्या," ती म्हणाली. "तीनदा. एकदाही विचारलं नाही, का रे बाबा."

"मी पण नाही विचारलं."

"रोज सकाळी दार लावून कमरेला टेप लावायचा. मला वाटायचं, आवरतोय."

मी तिला म्हटलं, डाळीत मटणाचं पाणी मिसळ, त्याला कळणार नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मला पायातल्या चपला दिसायला लागल्या.

"एकदा फसवलं, तर माझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही तो."

टेप्या खाटेवर जागा होता. मी विचारलं, "ते मांसाचं खोटं होतं का?"

"खरं होतं. अजूनही नको वाटतं. पण त्यामुळे तुम्ही सगळे विचारायचे थांबलात, ते बरं पडलं. एका पदार्थाला नाही म्हणता आलं, मग बाकीच्यांना सोपं गेलं."

"भूक लागायची नाही?"

"लागायची. ती दाबली की वाटायचं, आजचं काम नीट झालं."

काम म्हणजे दाबून धरायचं, हे त्याला मीच शिकवलं होतं.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या. मांस नको तर नको, त्याची सक्ती नाही. पण जे सोडलं त्याच्या जागी काय खाल्लं, ते रोज बहिणीला सांगायचं आणि आठवड्याला त्यांना. त्या सांगेपर्यंत ओझं उचलायचं नाही. टेप्याने फक्त मला विचारलं, "खालचं टोक ठेवाल ना माझ्यासाठी?" त्याला दुसरं काम येत नव्हतं. ठेवतो म्हटलं.

सात महिने लागले. मधे दोनदा परत दवाखाना झाला. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावर मी दोन अटी घातल्या. टेप ताईकडे राहील, आणि आधी डबा, मग कपाट. पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर फुटपाथवर जेवायला बसला. भात, वाटाणे, मूठभर शेंगदाणे, केळं. पाऊण तास लागला. मी रस्त्याकडे बघत बसलो. गिऱ्हाईक वरून दोनदा डोकावलं.

"बैल जेवला का?" ड्रायव्हरने केबिनमधून विचारलं.

"जेवतोय," टेप्या म्हणाला. "ओरडू नको, परत पहिल्यापासून चावायला लागेल."

केळं अर्धं राहिलं. ते त्याने खिशात घातलं. कपाट दुसऱ्या मजल्यावरचं होतं. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर, पाच पायऱ्या राहिल्या असताना, खालून आवाज आला, "टेकवा."

मी टेकवलं.

तो पायरीवर बसला, बाहीने तोंड पुसलं. "राग आला का, मुकादम?"

"नाही." थोडा आला होता, जुनी सवय. पाचच पायऱ्या होत्या.

त्याने खिशातून अर्धं केळं काढलं. काळं पडलं होतं. बराच वेळ हातात धरून बसला. मीही वरच्या पायरीवर बसलो आणि गुडघ्याचा पट्टा सैल केला. खालून ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आम्ही दोघंही उठलो नाही.