पिसं सोलणाऱ्या बायका आणि माझा तक्ता

मी जर्मनीत नेमकं काय करते हे माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांची काही चूक नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या विचारतात, "अगं, ते तुझं बास्क आणि स्लोवाक कुठवर आलं?" जसं काही मी दोन स्वेटर विणायला घेतलेत. मी म्हणते, "चाललंय, आई." मग त्या हळूच आपल्या मुलाकडे मोर्चा वळवतात. "पण आपल्या लोकांचा अभ्यास का नाही रे करत ही?"

आता त्यांना काय सांगू? विषय मी निवडलाच नव्हता. हॅनोव्हरपासून रेल्वेनं अर्ध्या तासावर कारखान्यांचं एक गाव आहे. तिथल्या ओतशाळेत काम करायला साठेक वर्षांपूर्वी स्पेनच्या उत्तर टोकाकडून बास्क माणसं आली. मग रशियन रणगाडे चेकोस्लोवाकियात शिरल्यावर काही स्लोवाक कुटुंबं पळून आली, तीही याच गावात. दोघांचीही आता तिसरी पिढी आहे. कोणाचं बस्तान नीट बसलं, कोण मागे राहिलं आणि का, याची तुलना करायची. माझ्या प्राध्यापकांना त्यासाठी निधी मिळाला होता, त्यात थोडा त्या गावच्या नगरपालिकेचाही होता. त्यांना दोन्ही बाजूंशी काही देणंघेणं नसलेलं माणूस हवं होतं. ते माणूस मी.

पहिले सहा महिने नुसते वैतागात गेले. सरकारी कागदांत बास्क कुठेच नाहीत, ते स्पॅनिश. स्लोवाक चेकोस्लोवाक, आणि पासपोर्ट मिळाल्यावर सगळेच जर्मन. ज्यांची तुलना करायची ते कागदावर सापडायलाच तयार नाहीत म्हटल्यावर मी गावभर दारं ठोठावत फिरले. पायांचे तुकडे पडायची वेळ आली.

बास्क लोक मात्र सापडल्या दिवशी अख्खेच सापडले. त्यांचं फेराईन आहे, म्हणजे नोंदणी केलेलं मंडळ. जुन्या गोदामात त्यांचं मोठं स्वयंपाकघर आहे आणि तिथे दर शनिवारी पुरुष रांधतात. पूर्वी बायकांना फक्त जेवायला बोलवायचे, आता नाती भांडून आत शिरल्यात. आजोबा ओतशाळेत भट्टीपुढे उभे राहिलेले, नातवंडांत दोन इंजिनियर, एक शाळेची मुख्याध्यापिका. अध्यक्षांनी मला हिरव्या रस्स्यातला मासा वाढला आणि समोर सदस्यांची यादी, सभांची इतिवृत्तं, वार्षिक अहवाल असं सगळं फायलींत लावून ठेवलं. मला भरून आलं हो.

यात हसण्यासारखं काही नाही. मराठी माणसाला समाज म्हटलं की मंडळ दिसतं. परक्या गावात तीन मराठी कुटुंबं भेटू देत, कुकरची शिट्टी व्हायच्या आत कार्यकारिणी तयार असते. आमच्याकडचं मंडळ तर नवराच चालवतो, सचिव म्हणून. गणपतीपासून कोजागिरीपर्यंत सगळ्याची घटना, ठराव आणि अनुमोदक. प्रश्नावली मी लिहिली तेव्हा त्यात 'संघटित सहभाग' असा एक भाग घातला, आणि त्यात पहिलाच प्रश्न टाकला: आपण कोणत्या फेराईनचे सदस्य आहात? हा प्रश्न चुकीचा असू शकेल असं मला तेव्हा स्वप्नातही वाटलं नाही.

स्लोवाक बायकांपर्यंत मी पोचले ती लेकीच्या दातामुळे. दातांच्या डॉक्टरीणबाई स्लोवाक कुटुंबातल्या निघाल्या. त्या म्हणाल्या, "माझी आजी दर गुरुवारी दुपारी बाकीच्या बायकांबरोबर बसते. वस्तीतल्या नगरपालिकेच्या केंद्रात, मागच्या खोलीत. जाऊन बघा."

मी गेले. दार उघडलं तर खोलीत कोंदट उबारा. नऊ बायका लांब टेबलाभोवती, समोर पांढरा ढीग. इतक्या वर्षांत जर्मन सवय लागलेली, खोलीत शिरलं की आधी खिडकी उघडायची. मी सरळ गेले आणि उघडली. पुढच्या क्षणी अख्खी खोली पिसांनी भरली. टेबलावर हंसाची पिसं होती, आणि मी त्यांची दोन तासांची मेहनत हवेत उडवून दिली होती. मला वाटलं आता हाकलतात. पण त्या सगळ्या हसायला लागल्या, तेही तोंड दाबून, कारण जोरात हसलं तरी पिसं उडतात. डॉक्टरीणबाईंच्या आजींनी माझ्या केसांतलं पीस काढलं आणि खुर्ची पुढे ओढली.

पिसाच्या मधली कडक दांडी असते ना, तिच्यापासून मऊ भाग बोटांनी सोलून वेगळा करायचा. त्यांच्या गावाकडे हिवाळ्यात बायका असं एकत्र बसून पिसं सोलत आणि लग्न होणाऱ्या मुलीसाठी उशा नि दुलया भरत. इथे पिसं कोणाचा तरी भाचा गाडीतून आणून देतो. उशा नातींसाठी. नातींना त्या नको असतात, त्यांना धुलाईयंत्रात टाकता येणारी उशी हवी असते. तरी या सोलतात.

आजींचं वय ऐंशीच्या पुढे. तिकडे त्या यंत्रांचे आराखडे काढायला शिकल्या होत्या, इथे ती पदवी कोणी मानली नाही. अकरा वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात काढली. नवरा गेला, आता तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. "आठवड्यात सहा दिवस मी जर्मन बोलते," त्या म्हणाल्या. "बोलते म्हणजे काय, पावाच्या दुकानात दोन वाक्यं. नातीला आमचं बोलणं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. गुरुवारी दुपारी मी माझ्या भाषेत बोलते. तेवढंच." दुसऱ्या भेटीपासून त्या मला 'तू' म्हणायला लागल्या होत्या. या देशात शेजारी वीस वर्षं 'तुम्ही' म्हणतात. माझी स्वतःची लेक मला जर्मनमध्ये उत्तरं देते, त्यामुळे त्यांचं ते वाक्य मला घरी आल्यावरही टोचत राहिलं.

आणि एवढं सगळं ऐकून, त्यांच्या हातचा चहा पिऊन, मी प्रश्नावली काढली. कोणत्या फेराईनच्या सदस्य आहात? नाही. कोणत्याच नाही? नाही. नऊ बायकांनी नऊ वेळा नाही म्हटलं. मी रकान्यात शून्य लिहिलं. शिक्षणात स्लोवाक बास्कांच्या पुढे, घरं मात्र बहुतेकांची भाड्याची, आणि संघटित सहभाग शून्य. प्राध्यापकांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "अगदी स्वच्छ. फरक एका नजरेत कळतो." मी खूश होऊन घरी आले. येताना चक्क केक विकत घेतला.

मधला अहवाल नगरपालिकेला गेला. निधी त्यांचाही होता, जाणारच.

दोन महिन्यांनी गुरुवारी गेले तर पिसांऐवजी टेबलावर एक पत्र होतं. केंद्राच्या एका बाजूची डागडुजी निघाली होती, खोल्या कमी पडणार, त्यामुळे यापुढे खोल्या नोंदणीकृत फेराईननाच. सोबत कारण दिलं होतं: अलीकडील अभ्यासानुसार या गटात संघटित सामुदायिक जीवन आढळत नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. ते माझंच वाक्य होतं, माझ्याच अहवालातून जसंच्या तसं उचललेलं.

"हा अभ्यास कोणी केला, तुला माहीत आहे का?" आजींनी विचारलं. त्या खरोखरच विचारत होत्या, टोमणा नव्हता. मी म्हणाले, "मी." एकीनं मला चहा दिला. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत. टेर्मिन, म्हणजे आधी ठरवून वेळ, न घेता गेले, जे इथे जवळपास गुन्हाच आहे. तिथला कारकून सभ्य होता, चिडावं तरी कसं त्याच्यावर. म्हणाला, "तुमच्याच तक्त्यात शून्य आहे." मी म्हटलं, त्या बायका कित्येक वर्षं दर गुरुवारी जमतात. "गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला, "पण जमणं म्हणजे संघटना नव्हे. सात जणांनी सही करून फेराईन नोंदवा. महिनाअखेर अर्ज आला तर खोली राहील."

सात सह्या. मला तर हायसंच वाटलं. हा तर आमच्या डाव्या हातचा मळ. नवऱ्यानं एका बैठकीत घटना लिहून दिली, उद्देश, कार्यक्षेत्र, सभासदत्व, सगळं कलमवार. पदंही आम्हीच ठरवली. आजी अध्यक्षा, पूर्वी शाळेत शिकवणाऱ्या बाई सचिव, बँकेतून निवृत्त झालेल्या बाई खजिनदार. मी फाइल आणली, प्रत्येकीसाठी वेगळं पेन आणलं आणि स्थापनेच्या दिवशी तोंड गोड व्हायला हवं म्हणून बेसनाचे लाडू केले. या सगळ्यात त्या नऊ जणींपैकी एकीलाही मी साधं विचारलंसुद्धा नाही.

गुरुवारी मी कागद पसरले आणि समजावून सांगितलं. लाडू सगळ्यांनी आवडीनं खाल्ले. पेन एकीनंही उचललं नाही.

मला वाटलं जर्मन कळलं नसेल. मी पुन्हा सांगितलं, सावकाश. आजींनी घटनेची पानं सरळ केली आणि माझ्याकडे परत सरकवली. "सदस्यांची यादी कुठे राहते?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, कोर्टात, नोंदणीच्या वहीत. "बरोबर," त्या म्हणाल्या. "म्हणूनच नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या गावात पुस्तकं वाचणाऱ्यांचा एक गट होता, वीसेक माणसं. राजवट बदलली तेव्हा असे गट चालत नव्हते. वडिलांचं अक्षर सुंदर, म्हणून सभासदांची वही त्यांच्याकडे. एका सकाळी दोन माणसं आली आणि ती वही घेऊन गेली. वहीतल्या एकेका नावाला बोलावणं आलं, कोणाची नोकरी गेली, कोणाला आत टाकलं. वडील परत आले, पण गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. यानंच नावं दिली, असं लोक धरून चालले. "त्यांनी फक्त नावं सुवाच्य लिहिली होती," आजी म्हणाल्या. टेबलाभोवती कोणी मान वर केली नाही. प्रत्येकीच्या घरी असं काहीतरी झालेलं होतं, हे मला तेव्हा कुठे कळलं. इतकी वर्षं जमूनही त्यांनी कधी यादी केली नाही ती विसरून नव्हे, ठरवून.

मला त्यांचा राग आला. लिहायला लाज वाटते, पण आला. मी म्हणाले, "अहो, ही जर्मनी आहे. आता कोण येणार आहे वही न्यायला? एका सहीसाठी खोली घालवणार तुम्ही?" माझा आवाज चढला होता. दुसऱ्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "तुझ्या तक्त्यात आमची नावं आहेत?" मी म्हटलं, नाही, नुसते क्रमांक आहेत. "मग छान आहे तुझा तक्ता," त्या म्हणाल्या. मी फाइल उचलली आणि लाडवांचा डबा तिथेच विसरून आले.

प्राध्यापकांकडे गेले. म्हटलं, रकान्याची व्याख्याच चुकलीय, शून्य काढू या. ते म्हणाले, व्याख्या मधेच बदलली तर बास्कांशी तुलनाच होणार नाही, हवं तर तळटीप दे. मी दीड पानाची तळटीप दिली. नगरपालिका तळटिपा वाचत नाही. खोली एका नोंदणीकृत नाचवर्गाला मिळाली. माझा करार पुढे वाढला, आणि घरी सगळ्यांनी अभिनंदन केलं तेव्हा मला कोणाच्या तोंडाकडे बघवेना.

मी आमच्या घरी या म्हटलं. एकदा तिघी आल्या. दोन गाड्या बदलून, दुखऱ्या गुडघ्यांसकट, एकमेकींना धरत. पिसांची गोणी आणणं शक्य नव्हतं, मग नुसत्याच सोफ्यावर बसल्या, आणि हातांना काही काम नाही म्हटल्यावर बोलणंही होईना. पुन्हा कोणी आलं नाही. एकीला मुलगा आपल्याकडे फ्रँकफर्टला घेऊन गेला. गोणी कोणाच्या तरी तळघरात आहे म्हणतात.

मागच्या आठवड्यात आजींचा फोन आला. मी लिहीत होते, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. त्यांनी माझी, लेकीची चौकशी केली. मग विचारलं, "तुझे प्रश्न संपले का गं सगळे?"

मी म्हणाले, "हो, ते केव्हाच संपले."

"जुनेच पुन्हा विचारलेस तरी चालेल," त्या म्हणाल्या. "उत्तरं जर्मनमध्ये देईन. गुरुवारी मी घरीच असते."