दोन भावांचा एक नंबर

गांधीबागेतल्या त्या ठोक कापड दुकानाचा थोरला मालक मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. मी दुकानांतली, ऑफिसांतली जुनी टेलिफोन एक्सचेंज सांभाळते. बाहेरून आलेला फोन आत कोणाच्या टेबलावर वाजेल, कोणाला बाहेर लावता येईल आणि कोणाला नाही, हे त्या मशीनला मी शिकवते. एवढं ऐकून त्यानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग बाकीच्यांना कपबशीतून चहा आला आणि मला कागदी ग्लासात. मी ग्लासाला हात लावला नाही. त्याच्या ते लक्षात आलं, आणि ते लक्षात आलेलं मलाही दिसलं.

दुकान दोघा भावांचं. वडील गेल्यावर त्यांचं आपसातलं बोलणं बंद झालं होतं. थोरला खाली गल्ल्यावर बसायचा, धाकटा वर गोदामाशेजारी. माल वाटला, नोकर वाटले, जिन्याखालची जागासुद्धा वाटली. वडिलांच्या काळातला टेलिफोन नंबर तेवढा वाटता आला नाही. कुही, उमरेडकडचे दुकानदार अजून त्याच नंबरवर माल मागवतात. फोन आधी खाली वाजायचा; खाली कोणी उचलला नाही तरच वर. थोरला तो वर जाऊच द्यायचा नाही. शेवटी धाकट्यानं मला बोलावलं आणि दुपारपर्यंत खाली, दुपारनंतर वर अशी घंटी लावून घेतली. थोरल्यानं मान डोलावली, पण त्या दिवसापासून मी त्याच्या लेखी धाकट्याची माणूस झाले.

म्हणून काही आठवड्यांनी त्यानं स्वतःच बोलावलं तेव्हा मला नवल वाटलं. नोकराला बाहेर पाठवून तो म्हणाला, "वरचा कोणाशी काय बोलून राहिला, ते मले इथं आयकू आलं पाहिजे. त्याले समजलं नाही पाहिजे."

तशी सोय त्या मशीनमध्ये होती. ऑपरेटरसाठी दिलेली, आणि मी ती सगळीकडे बंदच ठेवते. हे मी करणार नाही, असं मी सांगितलं.

"काहून? मशीन माझी हाय."

"बोलणं तुमचं नाही."

तो माझ्याकडे न बघता कापडाचा ताका गुंडाळत राहिला. "तुमच्यासारख्या लोकायले काम द्या, अन् वरून शहाणपण आयका." तुमच्यासारख्या म्हणजे कशा, हे मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. मी पिशवी उचलून निघाले.

महिनाभरानं धाकट्याचा फोन आला. तो ओरडत नव्हता, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. तुम्ही मले विकलं, एवढंच म्हणाला. मी लगेच गेले. झालं होतं ते असं: बोलताना मध्येच बारीक टुक वाजते, हे त्याला ऐकू आलं होतं. त्याला शंका आली. त्यानं एका गिऱ्हाइकाला फोनवर मुद्दाम खोटंच सांगितलं, की सोमवारी सुरतेहून साड्यांचा ट्रक येणार आहे. सोमवारी थोरल्याचा नोकर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात त्या ट्रकची चौकशी करताना दिसला.

मी जिन्याखालच्या मशीनशी बसले. माझा पासवर्ड चालेना. कोणीतरी मशीन मुळावर नेली होती, म्हणजे आतलं सगळं पुसून नवी असल्यासारखी केली होती. मी लावलेलं काहीच उरलं नव्हतं. घड्याळ चुकलेलं, दुपारची घंटी गेलेली, आणि चोरून ऐकायची सोय खालच्या फोनला दिलेली. मी हे धाकट्याला सांगितलं. त्याला पटलं की नाही कळेना. थोरला मागे येऊन उभा होता. त्याला मी विचारलंही नव्हतं, तरी तो म्हणाला, "आयकलं. दुसरा माणूस आणला अन् आयकलं. माझ्या बापाचा नंबर हाय."

"बाप एकट्या तुझा होता का?" धाकटा म्हणाला. कित्येक महिन्यांत तो भावाशी पहिल्यांदा बोलला, ते हे. मग त्यानं भिंतीवरच्या डबीतल्या वायरी मुठीत धरून उपटल्या. आख्ख्या दुकानातले फोन मेले.

थोरला मला म्हणाला, जोडा. धाकटा म्हणाला, जोडलं तर पुन्हा या दुकानात पाय ठेवायचा नाही. दोघेही मला दम देत होते, आणि मला दोघांचाही सारखाच राग आला. मी सांगितलं, दोघं इथं उभे राहणार असाल तरच हात लावते, नाहीतर चालले. ते उभे राहिले, एकमेकांकडे पाठ करून. मी वायरी बसवल्या, ऐकायची सोय काढली, पासवर्ड बदलला. मशीनच्या पेटीला दोन कुलपं घालून एकाची किल्ली याच्या हातात दिली, एकाची त्याच्या. आणि बाहेरचा फोन खाली-वर एकदमच वाजेल असं केलं. जो आधी उचलेल त्याचा.

मला ते न्यायाचं वाटलं होतं. आता दिवसभर दोघेही रिसीव्हरवर हात ठेवून बसतात. खालचा जेवतो तोही डाव्या हातानं रिसीव्हर धरून. वरच्यानं जिन्याकडे बसणं सोडलं, फोनपासून लांब पडतं म्हणून. कुहीचे एक म्हातारे दुकानदार मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, आता तिथं फोन करायची भीती वाटते बाई. घंटी पुरती वाजतही नाही अन् कोणीतरी खेकसते.

मागच्या खेपेला बॅटरी तपासत असताना घंटी झाली. वरच्यानं उचलला. खाली थोरल्यानं रिसीव्हर असा आपटला की रिसीव्हरचं तोंड फुटलं. मला म्हणाला, हा बदलून द्या. मी पिशवीतला दुसरा काढून लावला, चालतो का ते पाहिलं. तो म्हणाला, आवाज कमी येते. मी म्हटलं, येतो तेवढा पुरे आहे.